फॉरमॅट मारावा लागेल म्हणे!

शनिवारी सकाळी सव्वानऊला मामांचा फोन. आयटीवाल्याला शनिवारी इतक्या सकाळी नातेवाईक फोन करतो तेव्हा कॉम्प्युटर गेलेला असतो, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे.

"अरे, तो नवीन एसएसडी टाकला ना, त्याच्यावरनं पीसी चालूच होईना झालाय. दुकानवाला म्हणतोय फॉरमॅट मारावा लागेल. मारू देऊ का?"

म्हटलं, "मामा, कुणालाही हात लावू देऊ नका. पीसी घेऊन या, मी शेडवर येतो."

मामांची शेड काळेवाडीत, तापकीर चौकातून रहाटणीकडे निघालं की आतल्या गल्लीत. वर पत्रा, खाली एक व्हीएमसी, दोन जुने लेथ, एक ड्रिल मशीन आणि कोपऱ्यात काचेची केबिन. त्या केबिनमध्ये २०१७ साली घेतलेला पीसी. आयथ्री, सातवी पिढी, एक टीबीची हार्ड डिस्क. वर कुंकू, बाजूला उदबत्तीचं घर. दसऱ्याला लेथच्या आधी त्याची पूजा होते आणि त्यात काही चूक नाही, कारण शेड खरं तर तोच चालवतो. गेल्या आठ-नऊ वर्षांतले सगळे मशीन प्रोग्रॅम त्यात. मशीनच्या स्वतःच्या मेमरीत मोजके मावतात, बाकीचे लागतील तसे केबलने पीसीवरून पाठवायचे. प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर त्यात, त्याचं लायसन्स त्या विंडोजला बांधलेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते सॉफ्टवेअर मामांच्या मशीनच्या भाषेत बोलावं म्हणून एका पोराने दोन आठवडे बसून केलेलं सेटिंग त्यात. तो पोरगा आता चाकणला मोठ्या कंपनीत आहे आणि फोन उचलत नाही. (मी त्याच्या जागी असतो तर मीही उचलला नसता!)

आता फॉरमॅट म्हणजे काय, तर हे सगळं शून्य. सोमवारी चाकणला माल द्यायचा होता. तिकडे लाइन थांबली तर डेबिट नोट येते. मामांच्या धंद्यात एक डेबिट नोट म्हणजे महिन्याची कमाई गेली.

मंडळी, आज मला या "फॉरमॅट मारावा लागेल" वरच बोलायचं आहे. हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. गेली पंधरा-वीस वर्षं आपल्याकडे कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्याला हे एकच औषध आहे. स्लो झाला? फॉरमॅट. प्रिंटर दिसत नाही? फॉरमॅट. नवीन डिस्कवरून चालू होत नाही? फॉरमॅट. उद्या मॉनिटरची वायर निघाली तरी फॉरमॅट मारतील. माझं म्हणणं सरळ आहे. फॉरमॅट ही दुरुस्ती नाहीच. बिघाड कुठे आहे ते न बघता सगळंच पाडून टाकायचं, आणि बिघाडही त्यात गेला म्हणून "रिपेअर झालं" म्हणायचं, याला माझ्या डिप्लोमावाल्या मामांच्या भाषेत स्क्रॅप म्हणतात.

तर झालं काय होतं ते सांगतो.

एमआयडीसीसारखी मामांचीही सुट्टी गुरुवारी असते. जुनी डिस्क कटकट आवाज करायला लागली होती, म्हणून गुरुवारी त्यांनी पीसी जवळच्या एका दुकानात नेला. दुकानदाराने सांगितलं, पाचशे जीबीचा एसएसडी टाकू, सगळं जसंच्या तसं क्लोन करून देतो. इथपर्यंत सल्ला उत्तम. शुक्रवारी संध्याकाळी क्लोन पूर्ण झालं, जुनी डिस्क काढली, बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ. अर्थ एवढाच की बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही. झालं! दुकानदाराने दोन-तीनदा चालू-बंद केलं, बायोसमध्ये जाऊन काहीतरी बदललं, आणि मग ते सुप्रसिद्ध वाक्य. वर आणखी एक गोड ऑफर, "जुनी डिस्क आम्हाला देऊन टाका, दोनशे रुपये कमी करतो."

ही ऑफर ऐकून मला खरोखर घाम फुटला. नवीन डिस्क फॉरमॅट, जुनी डिस्क दोनशे रुपयांत दुकानदाराकडे. म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या कामाची एकही प्रत या पृथ्वीवर राहिली नसती, आणि मामा दुकानदाराचे आभार मानून, पैसे देऊन घरी आले असते.

मी पहिल्यांदा काय केलं? जुनी डिस्क मामांच्या हातात दिली आणि कपाटात कुलूपबंद करायला सांगितली. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि नवीन एसएसडी उघडून पाहिला. सगळं होतं! प्रोग्रॅमचे फोल्डर, सॉफ्टवेअर, मामांच्या मुलीच्या बारशाचे फोटो, सगळं. आधी कामाचे फोल्डर माझ्या पोर्टेबल डिस्कवर उतरवून घेतले. दीड तास गेला, तोवर चहा आणि वडापाव झाला. डेटा सुरक्षित झाल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही, हा नियम मी फार महाग शिकलोय. (ते पुढे सांगतो.)

मग बायोस. तिथे चालू करायची पद्धत यूईएफआयवरून लिगसीवर टाकलेली होती. दुकानदाराच्या प्रयोगांची कृपा. हे दोन प्रकार जरा समजून घ्या, कारण क्लोनची निम्मी भांडणं इथेच असतात. जुन्या पद्धतीत मशीन डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये डोकावतं, तिथे छोटासा कोड असतो, त्याला एमबीआर म्हणतात. त्यात दोन टीबीच्या पुढची जागा मोजताच येत नाही. नव्या पद्धतीत, म्हणजे यूईएफआयमध्ये, डिस्कवर फॅट-३२ प्रकारचं एक छोटं वेगळं पार्टिशन असतं, साधारण शंभर एमबीचं. मशीन त्यातली बूट फाइल उचलतं, आणि त्या फाइलच्या शेजारच्या यादीत लिहिलेलं असतं की विंडोज अमुक ठिकाणी आहे. या पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर नसतं, त्यामुळे माय कॉम्प्युटरमध्ये ते दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते आपल्याकडे नसतंच!

मी पद्धत परत यूईएफआय केली. तरी चालू होईना, सरळ बायोसचाच पडदा यायला लागला. म्हणजे त्याला बूट फाइल सापडत नव्हती. एसएसडीवरची पार्टिशनं पाहिली आणि हसावं की रडावं कळेना. दुकानदाराने एक टीबीची डिस्क पाचशे जीबीत बसवायची म्हणून नेमकी पार्टिशनं टिक करून क्लोन केली होती. सी घेतलं, डी घेतलं, आणि ते शंभर एमबीचं, बिननावाचं, "काय ते फालतू" म्हणून सोडून दिलं.

समजा तुम्ही टेम्पो करून काळेवाडीतून चिखलीला घर हलवलं. कपाट आलं, फ्रिज आला, देवघरातले देवसुद्धा आले. फक्त नव्या घराची किल्ली जुन्या घरी खिळ्यावर राहिली. आता टेम्पोवाला म्हणतोय, "साहेब, सामान पेटवून द्या, नवीन घेऊ." ऐकाल का तुम्ही? पण कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण रोज ऐकतो.

दुरुस्ती काय केली तेही सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लावला, शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला. एसएसडीच्या शेवटी थोडी मोकळी जागा होती, तिथे डिस्कपार्टने शंभर एमबीचं नवीन ईएफआय पार्टिशन केलं, ते फॅट-३२ केलं (हो, फॉरमॅट मीही मारला, पण रिकाम्या शंभर एमबीला!), त्याला तात्पुरतं एक अक्षर दिलं. मग बीसीडीबूट नावाची एका ओळीची कमांड. विंडोजचं फोल्डर इथे आहे, बूट फाइल त्या छोट्या पार्टिशनमध्ये टाक, पद्धत यूईएफआय. एवढंच तिला सांगायचं असतं. एक काळजी घ्या, पेनड्राइव्हवरून चालू केल्यावर अक्षरं बदलतात, आपलं सी तिथे डी म्हणूनही दिसू शकतं. आधी बघून घ्या आणि मगच एंटर मारा. बरोबर डिस्क निवडली ना हे तर तीनदा बघा.

पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं. विसेक सेकंदांत मामांचा डेस्कटॉप, खंडोबाच्या फोटोसकट. कारण शोधायला चाळीस मिनिटं, दुरुस्तीला दहा.

आता कुणी म्हणेल, तुझं नशीब, सोपी केस मिळाली. म्हणूनच सांगतो, क्लोन केलेली डिस्क बूट न होण्याची कारणं अगणित नाहीत. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. एक, आमच्यासारखं छोटं पार्टिशन राहून गेलं. दोन, जुनं विंडोज एमबीआरवर आणि नवं मशीन फक्त यूईएफआय मानतंय. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून विंडोज १० मध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन दिलंय, ते डेटा न पुसता डिस्क बदलून देतं. (तरी बॅकअप आधी घ्याच.) तीन, क्लोननंतर दोन्ही डिस्क एकदम जोडून ठेवल्या. दोघींची ओळख सारखी, जुळ्या बहिणींनी एकाच आधार कार्डावर रेशन मागितल्यासारखं. विंडोज एकीला बाजूला बसवतं किंवा तिची ओळख बदलतं, आणि मग बूटची यादी चुकते. म्हणून पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढूनच ठेवायची. चार, साटा डिस्कवरून एनव्हीएमईवर गेलात किंवा बायोसमध्ये डिस्कचा मोड बदलला, तर विंडोज निळा पडदा दाखवून बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतं. ड्रायव्हरचा प्रश्न, बऱ्याचदा एकदा सेफ मोडमध्ये चालू केलं की मिटतो. पाच, बिटलॉकर. तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, ती असेल तर ठीक, नसेल तर मात्र देवच वाली. सहा, जुन्या डिस्कचे सेक्टरच खराब होते आणि क्लोन अर्धवट उतरलं. यातल्या बहुतेक कारणांत डेटा जागेवरच असतो. मग पुसायचा कशाला?

जगातलं उदाहरण हवं असेल तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीनं निळा पडदा दाखवून बसली. विमानतळ, बँका, हॉस्पिटलं. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केले. तेव्हा उपाय काय निघाला? सेफ मोडमध्ये जा, एका फोल्डरमधली एक फाइल पुसा, परत चालू करा. एक फाइल! त्या दिवशी ८५ लाख मशीनं फॉरमॅट मारा असं कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. मग काळेवाडीतल्या एका मशीनला तोच न्याय का नाही? मामांचा एक पीसी म्हणजे त्यांचा अख्खा विमानतळच आहे की.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख नुसता शिव्यांचा होईल.

संध्याकाळी मी त्या दुकानात गेलो, भांडायलाच. पोरगा माझ्याच वयाचा, समोर सात-आठ पीसी उघडे पडलेले. मी शंभर एमबीची गोष्ट ऐकवली. तो शांतपणे म्हणाला, "दादा, विंडोज टाकायचे पाचशे रुपये मिळतात. पाऊण तासात होतं, दुसरं काम करत करत होतं. कारण शोधायला तीन तास गेले तर त्याचे कोण देतं? गेल्या महिन्यात एकाचा प्रॉब्लेम दोन तासांनी सापडला, एक सेटिंग होतं. तो म्हणाला, एका क्लिकचे तीनशे रुपये कसले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मामांनीही हेच केलं असतं. खोटं कशाला बोलू, मीही गाडीच्या गॅरेजमध्ये हेच करतो. पार्ट बदलला की बिल मुकाट देतो, नुसती वायर घट्ट केली म्हटलं की घासाघीस करतो. हाताला लागणाऱ्या वस्तूचे पैसे आपण देतो, निदानाचे द्यायला जड जातं. मग समोरचा निदान करायचंच सोडून देतो. फॉरमॅटची ही सवय एकट्या दुकानदाराने लावलेली नाही, आपण पाचशे-पाचशे रुपये देऊन ती पोसली आहे.

पण म्हणून त्याला सोडणार नाही. निदान परवडत नसेल तर सरळ सांगावं, "कारण शोधायला वेळ लागेल, तेवढे पैसे पडतील, नाहीतर सगळं पुसून नवीन टाकतो." "फॉरमॅट मारावा लागेल" यातलं "लागेल" खोटं आहे. लागत नव्हतं, त्याला सोयीचं होतं. आणि गिऱ्हाइकाची जुनी डिस्क मागून घेणं तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. हे मी त्याला तोंडावर बोललो. तो "बरोबर आहे" म्हणाला, आणि आम्ही कटिंग चहा घेतला. असो.

आणि आता माझं पाप. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी होस्टेलवर "विंडोज एक्स्पर्ट" होतो. म्हणजे मला फॉरमॅट मारता यायचा. दिवाळीत घरी आलो तेव्हा ताईचा लॅपटॉप चालू होत नव्हता. मी एक मिनिटसुद्धा विचार न करता फॉरमॅट मारला. त्यात आजीच्या शेवटच्या वर्षातले व्हिडिओ होते, दुसरी प्रत नव्हती. ताई काही बोलली नाही, नुसती "असू दे" म्हणाली. ते "असू दे" अजून ऐकू येतं. आज वाटतं, तेव्हाही बहुधा किरकोळच काहीतरी असणार. पण आता ते कधीच कळणार नाही, कारण फॉरमॅट पुरावासुद्धा पुसतो.

माझ्या ऑफिसातले मित्र म्हणतील, "लेका, हिंजवडीत आपण दिवसाला दहा सर्व्हर पाडतो आणि नवे उभे करतो, तेव्हा नाही रडलास." अगदी खरं. पण तिथे डेटा वेगळीकडे असतो आणि सर्व्हर परत कसा उभा करायचा त्याची प्रत्येक पायरी लिहून ठेवलेली असते. पाडायला हरकत नाही, कारण नकाशा हातात आहे. मामांच्या पीसीचा नकाशा कुणाकडे होता? चाकणच्या त्या फोन न उचलणाऱ्या पोराच्या डोक्यात. पिंपरी-चिंचवडमधल्या कितीतरी छोट्या शेडमध्ये हीच गत असणार. मशीनचा इन्शुरन्स असतो, प्रोग्रॅमची दुसरी प्रत नसते. म्हणून माझा नियम एवढाच. जे पुसताय ते परत कसं उभं राहील याची यादी आणि प्रत ज्याच्या हातात आहे, त्यानेच फॉरमॅट मारावा. बाकीच्यांनी आधी कारण शोधावं.

आणि क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे, हेही जाता जाता. क्लोन केलं, जुनी डिस्क दुकानदाराला दिली, तर प्रत परत एकच राहिली. जुनी डिस्क निदान दोन-तीन महिने कपाटात असू द्या.

सध्या ही खबरदारी जास्तच हवी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणून जो तो मशीन बदलतोय, एसएसडी टाकतोय. मामांच्या सातव्या पिढीच्या आयथ्रीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. मी त्याची इंटरनेटची केबल काढून ठेवली. तो फक्त मशीनशी बोलेल. जीएसटी आणि मेल मामी लॅपटॉपवर बघते.

तर दुकानात जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. पडद्यावर नक्की काय लिहून येतंय? कारण शोधायचे किती घेणार? माझी जुनी डिस्क मला परत मिळेल ना? आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की घासाघीस न करता तेवढे पैसे द्या. हे शेवटचं जमलं नाही तर पहिले दोन विचारायचा हक्क आपल्याला नाही.

रविवारी मामांनी शेड उघडली, दुपारपर्यंत व्हीएमसीवर माल निघाला. सोमवारचा टेम्पो वेळेवर गेला. मी निघताना मामांनी खिशात पाचशेची नोट कोंबली. म्हटलं, "मामा, काहीतरीच काय?"

म्हणाले, "ठेव रे. कारण सांगितलंस त्याचे."

घेतली. तत्त्वाचा प्रश्न होता. :)

ता. क. - ताईला हा लेख पाठवलाय. अजून उत्तर आलेलं नाही.